उजेडाचं आवर्तन

जगात जे जे म्हणून आहे ते सगळं पाणीच आहे, आणि जे पाणी नाही ते अजून नीट वाहायला लागलेलं नाही इतकंच, अशी माझ्या मामेसासऱ्यांची ठाम समजूत होती. त्यांचा जन्म पाटकऱ्याच्या नोकरीत गेला. पाटकरी म्हणजे भंडारदऱ्याच्या धरणातून सुटलेलं पाणी पाटातून चारीत आणि चारीतून शेतात, ज्याच्या त्याच्या वेळेला सोडणारा, आणि वेळ संपली की लोखंडी दार पाडून ते बंद करणारा सरकारी माणूस. नोकरी संपली तरी त्यांच्या खांद्यावरचं फावडं काही उतरलं नाही. रस्ता कितीही रुंद असो, ते कडेकडेनं, बांधावरून चालल्यासारखे पावलापुढे पाऊल टाकत जायचे. कुणाच्या घरी गेले की पाण्याचा तांब्या हातात घ्यायचे, दोन घोट प्यायचे, आणि उरलेल्यातलं ओंजळभर भुईवर ओतून ते कुठं पळतं ते बघत बसायचे. "तुमच्या सैपाकघराचा उतार दाराकडं हाय, घरात वाद व्हत असतील," असं घरधनिणीला तोंडावर सांगायचे. वाद कुठल्या घरात नसतात? त्यामुळे त्यांचा अंदाज कधी चुकला नाही. ताप म्हणजे तुंबलेलं पाणी, भांडण म्हणजे फुटलेला बांध, आणि बातमी म्हणजे हेडला सोडलेली धार, जी टेलला पोचेपर्यंत निम्मी मुरलेली असते. पाटाचं सुरुवातीचं तोंड ते हेड आणि शेवटचं टोक ते टेल. साहेबलोकांनी आणलेले हे दोन शब्द आमच्याकडे अंगठेबहाद्दरालाही ठाऊक होते, आणि मामेसासऱ्यांच्या मते माणसांच्याही याच दोन जाती होत्या.

माझी आणि त्यांची पहिली ओळख माझ्या लग्नात झाली. मी नगर शहरातली. वडील कचेरीत कारकून, घरात विजेचे दिवे, आणि मी सातवी पास, त्यामुळे खेड्यातली सोयरीक करून आपण सासरच्यांवर उपकारच करतो आहोत अशी माझ्या घरच्यांची थोडीशी समजूत होती. ती पहिल्या पंगतीलाच उतरली. वरपक्षाची वडीलधारी मंडळी मानानं पंगतीच्या तोंडाशी बसली होती, वाढपी जिलबीची परात घेऊन निघाले होते, तेवढ्यात एक उंच, काटकुळे, पागोटं घातलेले गृहस्थ आडवे झाले. "तिकडनं न्हाई, शेवटाकडनं वाढा," ते म्हणाले. "हेडवाल्यांना काय, कवाबी मिळतंच. टेलला आदी." आवाज असा सरकारी की वाढपी मुकाट्यानं वळले. पंगतीच्या शेवटी गाडीवान आणि वाजंत्री बसले होते, त्यांनी जिलबीवर मनसोक्त हात मारला. परात तोंडाशी पोचली तेव्हा तिच्यात पाक तेवढा शिल्लक होता. माझे चुलतसासरे रुसून उठले, त्यांना समजावता समजावता वडिलांना घाम फुटला. "हे गृहस्थ कोण?" असं ते मला बोहल्याशी येऊन विचारायला लागले. मी तरी काय सांगणार? नवऱ्याचंच तोंड अजून धड बघितलं नव्हतं.

सासरी आल्यावर कळलं की हे ह्यांचे सख्खे मामा, आणि सासूबाई त्यांची एकुलती एक धाकटी बहीण. आणि हेही कळलं की भाऊ-बहीण एकमेकांशी बोलत नाहीत. आमचं घर गावाच्या पार टोकाला, ओढा ओलांडून थोडं चढावर, आणि शेतही चारीच्या टेलला. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले, शेत सासूबाईच बघायच्या. एका वर्षी गहू ओंबीत आला आणि त्याला शेवटचं पाणी हवं होतं. सासूबाईंची वेळ सुरू झाली, पण वरच्या उसवाल्यांनी चारीला जागोजाग भगदाडं पाडून ठेवलेली. पाणी मुरत, रेंगाळत आलं, आणि त्याची जीभ आमच्या बांधापासून हाकेच्या अंतरावर असताना वेळ संपली. दार पाडायला आलेला पाटकरी म्हणजे त्यांचा भाऊच. "दादा, घटकाभर थांब," सासूबाई म्हणाल्या. "बाय, येळ झाली," एवढंच म्हणून मामांनी दार पाडलं. नियम होता. पुढच्या चारीवर लोक वाट बघत होते. गहू जळाला. मामा त्या दिवशी न जेवता बांधावर बसून राहिले म्हणतात, पण त्यानं गहू थोडाच हिरवा होणार होता! "भाऊ पाटकरी, आन मपलं रान कोरडं," असं सासूबाई गावभर सांगत सुटल्या, आणि त्यांनी भावाशी बोलणं टाकलं.

नुसतं टाकून थांबल्या असत्या तर त्या माझ्या सासूबाई कसल्या? भाऊबीजेला ज्या बाईला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते. भाऊ गावात धडधाकट फिरत असताना सासूबाईंनी चंद्राला ओवाळायला सुरुवात केली, आणि तेही अंगणाच्या मधोमध, ओढ्यापलीकडून गावाला नीट दिसेल अशा बेतानं. लोक मामांना टोचायचे. मामा चिडायचे नाहीत. "चंद्राला ओवाळती त्यात तिचं काय चुकलं?" ते म्हणायचे. "त्याचा उजेड टेलपत्तुर पोचतो. मपलं पानी न्हाई पोचलं." हे ते हसत म्हणायचे, पण मी एकदा जवळून बघितलं आहे. डोळे हसत नव्हते.

लढाई संपली होती, स्वराज्य यायचं होतं, आणि रॉकेल रेशनवर होतं. नगरच्या लष्करी तळावरचं मोडीत काढलेलं सामान लिलावात निघत होतं. बेलापूरला मोटारी आणि तेलाची इंजिनं दुरुस्त करणारे एक मुसलमान मिस्त्री होते, मामांचे जुने दोस्त. त्यांनी तिथून एक डायनामो उचलून आणला आणि तो कुठं चालवावा म्हणून मामांना विचारलं, कारण तेल मिळत नव्हतं. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला पाटाचं पाणी पुरुषभर खाली पडतं, त्या जागेला फॉल म्हणतात. मिस्त्रींनी फॉलकडे बोट केलं. "पानी पडतंय. त्येच्याखाली चाक लावायचं. चाकाला पट्टा, पट्ट्याला डायनामो. करंट तयार. ना तेल, ना धूर."

"म्हंजे करंट पान्यात हाय," मामा म्हणाले.

"पान्यात न्हाई भाऊ, पडन्यात हाय."

मामांनी ओंजळभर पाणी उचललं आणि पुन्हा खाली पडू दिलं. "मग आजपत्तुर किती पडलं आन किती वाया गेलं!" ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचेना. वीज आहे, वीज पाण्यापासून होते, आणि वीज वाहते! एवढं ऐकल्यावर त्यांना वेगळं काही शिकायची गरजच उरली नाही. पाण्याचं सगळं त्यांना येत होतंच.

सुतारानं बाभळीचं चाक केलं, मिस्त्रींनी पट्टे आणि पुल्या जमवल्या, फॉलशेजारी पत्र्याची शेड उभी राहिली. तांब्याची तार मिळत नव्हती म्हणून लोखंडी तार घेतली. इथपर्यंत सगळं मिस्त्रींच्या मताप्रमाणे झालं. पण तार गावात न्यायची वेळ आली आणि मामांनी फावडं रोवलं. तारेला उतार हवा! पहिला खांब उंच, दुसरा त्याहून वीतभर आखूड, तिसरा त्याहून. मिस्त्रींनी कपाळाला हात लावला, "भाऊ, करंटला चढ-उतार नसतो" म्हणून शपथा घेतल्या. मामा म्हणाले, "नसंल. पर दिला तर काय त्यो नको म्हननार हाय का?" मिस्त्रींनी खांब कापायला घेतले. ओढ्याच्या काठापर्यंत येता येता खांब इतके आखूड झाले की बैलगाडीवर उभं राहून जायची गावात मनाई करावी लागली. त्यापुढे ओढा, आणि ओढ्यापलीकडे चढावर आमचं घर. आता पाणी चढावर कसं जाणार? मामा आठवडाभर ओढ्याकाठी येऊन बसत. मग एके दिवशी उठले आणि म्हणाले, "सायफन." पाट ओढ्याखालून नळातून नेतात आणि तो पलीकडे पुन्हा वर येतो, तसंच हे. टेल हेडपेक्षा खाली असली म्हणजे झालं, मधे काय वाटेल ते होवो. मग ती तार ओढ्यावर चांगली झोळ देऊन खाली सोडली आणि पलीकडे वर आणली. धुण्याला जाणाऱ्या बायका तिच्याखालून वाकून जायच्या.

हा सगळा खटाटोप आमच्या घरासाठीच आहे, हे गावात सगळ्यांना कळत होतं, सासूबाईंनाही. तार नको असं त्या म्हणतील अशी मला धास्ती होती. पण त्या व्यवहाराला पक्क्या. "रॉकेलच्या रांगंत हुबं ऱ्हायला मी मोकळी न्हाई," त्या म्हणाल्या. "येऊ द्या तार. तारेमागं मानूस नको." त्यामुळे आमच्या घरातलं काम मिस्त्रींनी केलं आणि मामा ओढ्यापलीकडे उभं राहून ओरडून सूचना देत राहिले. बटण कुठं हवं ते मीच सांगितलं, कारण दिव्याचं बटण आयुष्यात दाबलेली त्या गावात मी एकटी होते. तो माझा मान पुढे बरेच दिवस टिकला.

चाक फिरायला लागल्यावर पाटावरचे साहेब आले. येणारच होते. सरकारी पाण्यावर कुणी चाक ठेवलं म्हणजे काय! मामांनी त्यांना चाकाच्या वर नेलं, चाकाच्या खाली नेलं, दोन्हीकडे काठी बुडवून दाखवली. "पानी तुमचंच हाय सायेब, थेंबभर घेतलं न्हाई. मी त्येचं निस्तं पडनं घेतलं." साहेब तरुण होते, समजूतदार होते. त्यांनी शेडमध्ये जाऊन सगळं नीट बघितलं, हसले, आणि म्हणाले, "लेखी परवानगी मला देता येत नाही. पाण्याला धक्का लागत नाही तोवर मी इथं काही बघितलं नाही. पण गावातून एक जरी तक्रार आली ना काका, तर चाक काढायला लावीन. मग माझा नाइलाज आहे." तेव्हापासून मामा गावातल्या प्रत्येक माणसाशी नव्या नवरीसारखे जपून वागायला लागले.

आता त्यांच्या विजेचा कारभार कसा चाले ते सांगते. पाटाला पाणी बारा महिने नसतं, आवर्तन, म्हणजे धरणातून पाण्याची ठरलेली पाळी, सुटलं की असतं. म्हणून आमच्या गावात उजेडही आवर्तनानं येई. आवर्तन संपलं की पुन्हा कंदील. ज्या घरी लग्न निघे ते आधी मामांकडे येत आणि मग जोशीबुवांकडे, आणि जोशीबुवाही पंचांग उघडण्याआधी विचारत, "पाणी कधी सुटतंय?" दर घराला एक दिवा, फार तर दोन. मोबदला बलुत्यासारखा, खळ्यावर सुपानं धान्य. देऊळ आणि मशीद दोन्हीकडे तार नेली, पण देवाला वशिला नाही. दोघांचे दिवे त्यांच्या त्यांच्या जागेवर जसे लागतील तसे. आवर्तन सुटायच्या आधी मामा दोन गडी लावून सगळी लाइन साफ करून घेत, खांबांवरचे वेल, तारेवर अडकलेले पतंग, जाळीजळमटं, सगळं. "चारीतलं गवत काढल्याबिगर पानी फुडं सरकत न्हाई." आणि दिवे लागायच्या वेळी ते शेडपासून निघत, फावडं खांद्यावर घेऊन तारेखालून चालत येत, आणि प्रत्येक दाराशी थांबून हाक देत, "पोचलं का?" आतून उत्तर येई, "पोचलं!" मग पुढचं दार. गावाची संध्याकाळ त्या हाकेनं होत असे. शेवटी ते ओढ्याच्या अलीकडे येऊन थांबत आणि आमच्या घराकडे तोंड करून ओरडत, "पोचलं का?"

पोचत नव्हतं, हीच तर रड होती. गावात दिवे पिवळेधमक लागत आणि आमच्या ओटीवरच्या दिव्यातली तार नुसती लालसर दिसे. त्या उजेडात फक्त दिवाच दिसायचा, दुसरं काही नाही. "निखारा टांगलाय छताला," सासूबाई म्हणायच्या आणि त्याच्याखाली कंदील लावायच्या. लांबवरची तार, तीही लोखंडी, आणि वाटेत सगळं गाव ओढून घेणारं, मग शेवटाला उरणार काय, असं मिस्त्रींनी समजावलं. मामांना हे कुणी समजावायची गरज नव्हती. त्यांनी पाटाचाच नियम लावला, दिवेलागणीला आधी टेलचा दिवा, मग मधले, मग हेडचे. सगळे हो म्हणाले. पण बटण ज्याच्या त्याच्या हातात. अंधार पडायचा अवकाश, सगळ्यात आधी हेडचे दिवे लागत. तारेच्या तोंडाशी पहिलं घर होतं ते उसाच्या बागायतदाराचं, गाव त्यांना आण्णा म्हणे. चारीच्या तोंडाशी शेतही त्यांचंच. ओढ्यावर मी धुणं धूत असताना मामा एकदा माझ्यापाशी येऊन बसले. "सूनबाई, पुन्यांदा त्येच झालं," ते म्हणाले. "पानीबी हितवर आलं आन थांबलं. आता उजेडबी हितवर येऊन थांबला." मी धुणं पिळत राहिले. पण त्या माणसाची मला फार दया आली.

मिस्त्री म्हणाले, एक उपाय आहे. बाकीचे दिवे बंद केले तर टेलला भरपूर पोचेल. फक्त एक सांभाळायचं, ओझं कमी झालं की चाक पळतं आणि करंट वाढतो, म्हणून कुणीतरी चाकापाशी राहून पाणी कमी करायला हवं. मामांनी दुसरं वाक्य ऐकलं की नाही कोण जाणे, पहिलं मात्र डोक्यात ठेवलं. त्या वर्षी दिवाळी नेमकी आवर्तनात आली.

भाऊबीजेच्या दिवशी मिस्त्री बेलापूरला घरी गेले होते. मामा ह्यांना बरोबर घेऊन संध्याकाळी गावात निघाले. पुढचं मला ह्यांनी सांगितलं. एकेका दारात उभं राहून मामा म्हणत होते, "आज बहिनीकडं पोचवायचंय. घटकाभर बंद करा." शेडमधला दांडा ओढला असता तर सगळ्या गावाची वीज त्यांना एका झटक्यात तोडता आली असती, आणि तारांची जोडणी बदलून एकट्या आमच्याकडे सोडताही आली असती. पण ते दारोदार फिरले. लहान घरांनी लगेच मान्य केलं. आण्णांकडे सगळ्या लेकी माहेरी आलेल्या, जावई जेवायला बसलेले, दोन्ही दिवे लागलेले. आण्णा दारात आले.

"सनासुदीला अंधार करू म्हन्तूस?"

"घटकाभर."

"आरं, पाट सरकारचा हुता, तवा तू दार पाडलंस. वीज तर तुही हाय. ओढ दांडा आन कर बंद. इचारतूस कशाला?"

मामा म्हणाले, "दार मी लई पाडली आण्णा. आता मी न्हाई पाडायचा. तुमाला वाटलं तर करा, न्हाई तर ऱ्हाऊ द्या."

एक तक्रार साहेबांकडे गेली की चाक गेलं, आणि आण्णांना राग येत चालला होता. तेवढ्यात आतून त्यांची थोरली लेक समई घेऊन बाहेर आली. "आण्णा, बंद करा की," ती म्हणाली. "आमचं ओवाळून झालंय. तिचं व्हायचंय अजून." आण्णांनी स्वतःच आत जाऊन दोन्ही बटणं बंद केली.

इकडे अंगणात सासूबाई ताट घेऊन उभ्या होत्या. बीजेची कोर ओढ्याच्या बाजूला टेकत आलेली. मी मागे उभी होते, आणि मला दिसलं की गावातला एक दिवा गेला. मग दुसरा. मग देवळाचा, मग मशिदीचा. "वीज गेली वाटतं," मी म्हणाले. आणि ओटीकडे बघते तर आमचा निखारा पिवळा होत चाललेला! गावात एकेक घर विझत होतं आणि आमच्या ओटीवर खुंटीवरचा रुमाल, कोनाड्यातला गणपती, उंबऱ्याची रांगोळी एकेक दिसायला लागली होती. शेवटी आण्णांचे दोन्ही दिवे गेले आणि आमचं अंगण पांढरं झालं. इतका उजेड मी नगरलाही बघितला नव्हता. सासूबाईंच्या हातातल्या ताटातला तांदळाचा दाणा न् दाणा मोजता आला असता. थोड्या वेळानं ओढ्यापलीकडून हाक आली, "पोचलं का?"

रोज त्या हाकेला मी उत्तर द्यायची, "थोडं थोडं!" त्या दिवशी मी गप्प बसले. सासूबाई ताट तसंच धरून ओढ्याकडे वळल्या.

"पोचलं रे दादा!"

इतक्या वर्षांत भावाशी बोललेला हा त्यांचा पहिला शब्द. आणि तो पुरता संपायच्या आत दिवा निळापांढरा झाला आणि फट्दिशी उडाला. चाकापाशी कुणी नव्हतं. ओझं उतरलेलं चाक उधळलं होतं. कोर बुडालेली, गाव काळंकुट्ट, आमची ओटीही काळीकुट्ट.

"गेलं," सासूबाई म्हणाल्या.

पलीकडून अगदी बारीक आवाजात मामा म्हणाले, "चाक पळालं, बाय."

"ते कळलं. आता तिथं काय हुबा ऱ्हातूस? वर ये. सांभाळून ये, तार खाली हाय."

मामा ओढा ओलांडून चढ चढून आले. सासूबाईंनी त्यांना पाटावर बसवलं आणि निरांजनाच्या उजेडात ओवाळलं. तेवढ्याशा उजेडात कुंकू कपाळाऐवजी भुवईला लागलं. ओवाळणी टाकायची वेळ आली तसे मामा खिसे चाचपायला लागले. "वोवाळनी काय आनलीस?" सासूबाईंनी विचारलं. मामा म्हणाले, "आनली हुती. ती आत्ता फुटली." आणि मग माझ्या सासूबाई इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की ताट मला धरावं लागलं. हसता हसता त्या कधी रडायला लागल्या ते आम्हा कुणालाच कळलं नाही. मामा ताडकन उठले, "समदं गाव बंद करून बसलंय!" असं ओरडत खाली धावले. चाक तसंच उधळलेलं, त्यामुळे ज्यानं पहिलं बटण दाबलं त्याचाही दिवा उडाला, आणि ते होते आण्णा. आण्णा म्हणाले, "दिवाळीत फटाकडी फुटायचीच." तक्रार गेली नाही.

चाक त्यानंतर फार वर्षं टिकलं नाही. पाट रुंद करायचं काम निघालं, फॉलची जागा बदलली, आणि तेच साहेब येऊन मामांना म्हणाले की आता काढावं लागेल. मामा स्वतःच फावडं घेऊन काढायला लागले. नंतर ते रोज आमच्याकडे येत, ओटीवर बसून बहिणीशी भांडत, आणि जाताना भुईवर ओंजळभर पाणी ओतून उतार बघून जात. एका उन्हाळ्यात थोडा ताप आल्याचं निमित्त झालं आणि ते गेले.

सरकारी लाइन आमच्याकडे आली ती त्यानंतर. सरळ उंच खांब, सगळे सारखे. ज्या दिवशी ओटीवर पहिल्यांदा दिवा लागला, त्या संध्याकाळी सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. खूप थकल्या होत्या तेव्हा. "कुनाकुनाचं बंद केलं?" त्यांनी मला विचारलं.

"कुणाचंच नाही, आत्याबाई. सगळ्यांचे चालू आहेत."

त्यांचा विश्वास बसेना. काठी घेऊन, माझा हात धरून त्या अंगणाच्या कडेपर्यंत आल्या आणि ओढ्यापलीकडे बघत उभ्या राहिल्या. आण्णांच्या वाड्यापासून थेट आमच्यापर्यंत सगळं गाव लागलेलं होतं. मागे वळून त्यांनी आमचा दिवा बघितला, पुन्हा गावाकडे बघितलं.

"हे त्येनं बघायला पायजे हुतं," त्या म्हणाल्या.

मलाही तेच वाटत होतं. आम्ही दोघी बराच वेळ तिथंच उभ्या राहिलो.